आजोबांच्या ताटातली आमटी

कल्पना करा, बाळांनो, की तुमच्या बोटाच्या टोकाला एक सुका जवळा चिकटला आहे... नखाएवढीसुद्धा नाही अशी वाळलेली कोळंबी, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके... आणि जिथे तो सापडला तिथे तो असायलाच नको होता.

सावळीआत्याच्या हाताखाली स्वयंपाकाला मदत करणाऱ्या भाविकाने तो पाट्याच्या कडेवरून उचलला तेव्हा तिला आधी वाटलं, मांजराने आणला असेल. पण पाट्यावरच्या भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणालाही तोच वास होता, आणि तेच वाटण चुलीवर वालाच्या आमटीत उकळत होतं.

भातसानगरच्या या चाळीत एके काळी धरणाचे कामगार राहत. ते गेले, मागोमाग दारं-खिडक्याही गेल्या, मग सावळीआत्यासारखी बेघर माणसं कोणाला न विचारता येऊन राहिली — कंदिलाच्या उजेडात, कधी हाकलतील या भीतीत — आणि पुढे चाळ त्यांच्या नावावर झाली तेव्हा आत्यानेच ठरवलं, की दर शनिवारी संध्याकाळी इथे पंगत बसेल, चहाच्या पैशांत पोटभर. मांस-मासळी नाही, अंडं नाही, दूध-तूपही नाही, म्हणजे माळ घातलेल्याला आणि न घातलेल्याला एका ओळीत बसता येईल. दूध वासराचं असतं गो, हे तिनेच भाविकाला वाल सोलता सोलता सांगितलं होतं. तिने सांगितलं म्हणून भाविका चहासुद्धा कोरा प्यायला लागली होती...

"आत्या, हे काय?"

सावळीने बोटाकडे पाहिलं, मग दाराकडे. "हळू बोल गो! चिमूटभर घालते. नुसत्या वालाला कोण येतंय? मागे निम्मा भात गुरांना घातला. दमून आलेल्याच्या जिभेला काय तरी लागायला नको?"

"पण आजोबा..."

"त्यांना कळलं नाय ना? मग झालं तर."

झालं तर. आजोबा, म्हणजे महिपतबुवा, माळ घातल्यापासून म्हसा गावच्या जत्रेतही घरची भाकरी बांधून नेणारा माणूस, लेकीकडे गेला तरी वेगळ्या भांड्यात शिजवून खाणारा. ते इथे आले ते केवळ भाविकाने त्यांच्या माळेला हात लावून, इथे मासळी शिजत नाही असा शब्द दिला म्हणून. आणि गेल्या शनिवारी त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली होती, म्हणाले होते, पोरी, अशी चव किती वर्षांनी लागली. केवढा अभिमान वाटला होता तिला! आत्या समोरच उभी होती. हसत होती. म्हणजे तेव्हाही तिला...

सांगावं तर नेम कधीच मोडला हेही सांगावं लागेल, आणि मग ते पुन्हा कोणावर विश्वास ठेवतील — माझ्यावर? न सांगावं तर...

"काय भाविकाबाई, भात आज येतोय का उद्या?" पंगतीतून धाऊ रिक्षावाला ओरडला. "उद्या येत असेल तर आंघोळ करून येतो!"

सगळे हसले. ती भाताची टोपली घेऊन बाहेर गेली. आजोबांच्या ताटात वाढलं.

"आमटी नाय गो?" त्यांनी विचारलं.

"संपली."

किती सहज आला शब्द, किती गोड आवाजात... आणि तो आवाज तिला ओळखीचा वाटला, सावळीआत्याचा. आजोबांनी मान डोलावली. त्यांनी लगेच विश्वास ठेवला, आणि तेच तिला सोसेना; निदान एकदा तरी त्यांनी संशयाने पाहायला हवं होतं. ते निमूटपणे भातावर मीठ घेत होते.

तेवढ्यात दारातून सावळी आली, वाफाळतं पातेलं फडक्याने धरून. "बुवा, गरम हाय, घ्या चांगली!"

आजोबांची नजर पातेल्यावर गेली, मग हळूहळू नातीवर आली.

भाविका त्यांच्यासमोर खाली बसली आणि आमटीचा डाव कलायच्या आत तिने आपले दोन्ही तळवे त्यांच्या ताटावर आडवे धरले.