घाणा बोडीत गेला

मी घाणा बोलतोय. तेलाचा घाणा. आवाज पाण्याखालून येतोय, म्हणून जरा घोगरा लागेल. सानगडीच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून अर्ध्या एकराची एक बोडी आहे. बोडी म्हणजे आमच्याकडचं घरचं, लहानसं तळं. तिच्या तळाशी मी आडवा पडलोय. तेलाचा थेंब पाहून बारा वर्षं झाली आणि खरं सांगतो, आता त्याची आठवणही येत नाही.

माझा जन्म चिंचेच्या खोडातून झाला. भय्याजी सुतारानं दोन महिने खपून माझं पोट कोरलं आणि मारोतराव तेल्यांच्या पडवीत मला कमरेपर्यंत जमिनीत पुरलं. पोटात लाट, म्हणजे लाकडी मुसळ, उभी केली, लाटेला बैल जुंपला, बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधली आणि माझा संसार सुरू झाला. जवस आला, तीळ आला, उन्हाळ्यात मोहाच्या टोरीचे, म्हणजे बियांचे, ढीग आले. पोटात जे पडलं त्याचा मी चुरा केला. चाळीस वर्षं दुसरं काही केलं नाही.

त्याचा मला गर्व होता, लपवत नाही. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. तेल न्यायला आलेली प्रत्येक बाई आधी बोट बुडवून केसांना पुसायची, आणि तेल्यानं अर्धं तेल कुठंतरी लपवलं असा प्रत्येकीला संशय असायचा. मारोतराव म्हणायचे, "बाई, डोकं घालून पाह्य घाण्यात." एकीनं खरोखर घातलं. त्यानंतर आठ दिवस तिच्या केसांना तेल लावायची गरज पडली नाही.

मारोतरावांना दोन मुलं. थोरला जागेश्वर माझ्यापाशीच वाढला. घाण्यात खडा गेला की घाणा चिरतो, ही गोष्ट बापानं त्याच्या मनावर अशी बिंबवली की तो जवस तीनदा चाळायचा, वर हातानं निवडायचा. काडी नको, माती नको, कचरा नको. त्याची बायको शकुंतलाबाई म्हणायची, "यायले देवानं निवडून दिलं तरी हे पुन्हा निवडतीन." हे चाळणं पुढं त्याला किती महागात पडणार होतं, ते तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

धाकटा इश्वर वेगळा. पायाला भिंगरी, डोक्यात यंत्रं. मारोतराव गेले आणि चौऱ्याहत्तर साली त्यानं बाजारात विजेवरचं तेल काढायचं मशीन बसवलं. माझा बैल दिवसभर फिरून जेवढं तेल काढायचा, तेवढं ते मशीन चहा होईपर्यंत काढायचं. दोन महिन्यांत माझी पडवी ओस पडली. इश्वर मनाचा वाईट नव्हता. तो म्हणाला, "दादा, मशीनवर ये. ढेप पोत्यात भरून देत जा, सावलीतलं काम हाये." त्या दिवशी जागेश्वर जेवला नाही. ज्याला त्यानं खांद्यावर बसवून पोळा दाखवला, त्याच्या हाताखाली तेल काढून उरलेली ढेप भरायची, हे त्याच्या मनाला सोसेना.

बोडी दोघांची सामायिक होती. जागेश्वर म्हणाला, मी तिच्यात मासे वाढवतो. इश्वर म्हणाला, त्या डबक्यात काय आहे, बांध फोडून सपाट करू, धानाची बांधी होईल. शेवटी शहात्तरच्या अक्षयतृतीयेला ठरलं. "तीन वर्सं घे दादा," इश्वर म्हणाला. "तिसऱ्या अखाजीले जाळंभर मासोळी निंगाली त बोडी तुही. नाई निंगाली त बांध फुटला, अन तू मशीनवर आला."

आता पाहा, माणूस हातातलं काम सोडतो पण हाताची सवय सोडत नाही. जागेश्वरनं बोडी चाळायला घेतली. पाण्यात आपोआप उगवणारं रानभात, देवधान, उपटलं, हिरवी वेल ओढून काढली, जुने बुंधे, दगड, फांद्या, सगळं बांधावर. महिनाभरात बोडी ताटासारखी लख्ख. मग भंडाऱ्याला जाऊन रोहू-कतल्याचं बीज आणलं. ॲल्युमिनियमच्या हंडीत बोटाच्या पेराएवढी पिल्लं. एसटीत हंडी मांडीवर घेऊन तो साकोलीपर्यंत हातानं पाणी हलवत आला, त्यांना हवा मिळावी म्हणून. बीज सोडलं आणि रोज सकाळी काठावर जाऊन बसायला लागला.

त्याच्या आधी पाणकावळे येऊन बसलेले असायचे. पुढच्या उन्हाळ्यात जाळं टाकलं तर चार मासे निघाले.

जाळं टाकायला आली होती रुखमा ढिवरीण आणि तिचा नवरा हिरालाल. रुखमानं बोडीभोवती एक चक्कर मारली आणि ती बांधावर टेकली. "जागेश्वरभाऊ, हे काहून केलं तुमी?"

"साफ केली," जागेश्वर म्हणाला.

"पानी म्हंजे तेल नोहोय भाऊ. चाळून मासोरी होत नाई. तिले लपाले कोपरा पायजे, पोरं ठेवाले पाळना पायजे, खाले शेवार पायजे. तुमी त घर मोडलं अन पाहुने बोलावले."

मग रुखमानं सांगितलं तसं, जे काढलं होतं ते परत घालायला जागेश्वरनं सुरुवात केली. बोरीच्या काटेरी फांद्या मोळ्या बांधून कोपऱ्यांत रोवल्या. फुटकी मडकी आडवी पुरली. हिरालालनं मोठ्या तलावातून देवधानाचे गड्डे चिखलासकट आणून दिले. तेवढ्यात गावात कोणीतरी मला जळतणासाठी मागितलं. तेल प्यालेलं लाकूड, चूल भडकून पेटेल. शकुंतलाबाई दारात आडवी उभी राहिली. "हळदकुंकू लावलेलं लाकूड मी चुलीत घालू देनार नाई." आणि मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "बोडीत न्या. मासोळ्यायले पोकळ लाकूड पायजेच हाये न?"

सहा माणसं आणि एक बैलबंडी लागली. तळाच्या चिखलात मला अर्धा पुरला, तोंड एका बाजूला करून. त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दसऱ्याचा मानकरी मी, आणि माझ्या कपाळी चिखल. जागेश्वरनं जाताना माझ्या अंगावर हात ठेवला, पण मी रागातच होतो.

मग पाणी आलं. बांध्यांवरून वाहत, गढूळ, मातीच्या वासाचं. ते पोटात शिरलं, डोक्यावरून गेलं आणि वरचं जग बंद झालं. मला वाटलं, संपलो.

पुढचं कसं सांगू? चाळीस वर्षं मी एका पडवीत उभा होतो आणि मला वाटायचं, जग पाहिलं. काही पाहिलं नव्हतं. आठ दिवसांत माझ्या अंगावर मऊ शेवाळ उगवलं. ते खायला गोगलगायी आल्या. काचेसारखे आरपार झिंगे आले. त्यांच्या पोटातलं खाणंसुद्धा बाहेरून दिसायचं. गढूळ पाणी निवळलं तेव्हा वरून ऊन उतरलं, देवधानाच्या काड्यांमधून हिरवं होऊन, आणि त्या उजेडात जागेश्वरनं नव्यानं सोडलेली रोहूची पिल्लं एका दमात वळायची. कुणी हाक दिली नाही, कुणी चाबूक उडवला नाही, तरी शंभर अंगं एकाच क्षणी वळायची. मी दिपून गेलो. आजही रोज दिपतो.

दुसऱ्या पावसाळ्यात मरळीची एक जोडी आली. हातभर लांब, काळसर, डोकं सापासारखं. नर माझ्या तोंडापाशी थांबला, आत आला, वळला आणि बाहेर पाहत राहिला. मी श्वास रोखला, लाकडाला जेवढा रोखता येतो तेवढा. काही दिवसांनी त्यांची पिल्लं निघाली. शेंदरी रंगाची, सुईएवढी, हजारभर. सगळी मिळून एक गोळा होऊन माझ्यावर तरंगायची आणि आईबाप खालून राखण करायचे. पाणकावळ्याची सावली पडली की गोळा सरळ माझ्या पोटात.

ज्या पोटात आजवर जे आलं त्याचा चुरा झाला, त्या पोटात हजार जीव येऊन निजायचे आणि सकाळी जसेच्या तसे बाहेर पडायचे. माझ्यासारख्या रांगड्या लाकडाला रडता येत नाही, म्हणून बरं.

पाहता पाहता तिसरी अक्षयतृतीया आली. एकोणऐंशीचं साल. पाणी मांडीएवढं उरलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झाला होता आणि मरळीनं तेवढ्यात पुन्हा पिल्लं काढली होती. सकाळीच इश्वर चार गडी, फावडी, कुदळी घेऊन आला. बांधावर जागेश्वर, शकुंतलाबाई, रुखमा आणि हिरालाल. हिरालालनं जाळं फेकलं. ते कशात अडकलं असेल? माझ्यात. ओढलं तर फाटलं. दुसऱ्यांदा फेकलं, ते बोरीच्या काट्यांत गुंतलं. हाताला लागले सात-आठ बारके मासे.

मासे होते. सगळे आमच्याच आडोशाला दडलेले होते, हातहात लांबीचे रोहू फांद्यांमागं अंग चोरून उभे होते. मला ओरडायचं होतं. ज्यांना मी लपवत आलो, त्यांना त्या एका दिवशी तरी दाखवायला हवं होतं, आणि माझ्याच अंगानं जाळं फाडलं.

"तीन वर्सं लाकडं पोसली का दादा?" इश्वर म्हणाला. हसला नाही तो. जागेश्वर म्हणाला, "बोल केला होता. फोड बांध." आणि तो पाठ करून उभा राहिला.

कुदळी चालल्या. बांधाच्या खालच्या बाजूला तोंड पडलं आणि पाणी खळखळत बाहेर धावलं. मी ते अंगावरून सरकताना अनुभवत होतो. वीत गेली, दोन विती गेल्या. इश्वर धोतर खोचून बोडीत उतरला. "बाबाचा घाना तेवढा वर काढून घेऊ," म्हणाला आणि माझ्या काठावर हात ठेवला.

मरळ आतून सुटली आणि त्याच्या हातावर आदळली.

त्यानं हात झटकला. पुन्हा ठेवला. ती पुन्हा आली. या खेपेला बोटातून रक्त आलं. इश्वर वाकला आणि आत पाहिलं. आत घोटाभर पाण्यात तो शेंदरी गोळा दाटीवाटीनं फिरत होता आणि मरळीचा जोड तोंडाशी आडवा होता. एव्हाना पाणी इतकं उतरलं होतं की फांद्यांच्या आत रोहूंच्या पाठी दिसायला लागल्या. एक, दोन, वीस, मग मोजता येईनात. इश्वरनं त्यांच्याकडं पाहिलं, पण त्याची नजर फिरून मरळीवरच आली.

"हे जाऊन काहून नाई राहिली?" त्यानं विचारलं. "पान्यासंगं निंगून गेली असती, वाट त मोकळी हाये."

"पोरं हायेत तिचे," रुखमा बांधावरून म्हणाली. "मरन, पर घर सोडून नाई जानार."

इश्वरनं बांधावर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या भावाकडं पाहिलं. मग पाणी तुडवत तो फुटलेल्या तोंडाशी गेला आणि त्या खिंडारात पाण्याला पाठ लावून खाली बसला. पाणी त्याच्या दोन्ही बगलांतून उसळलं. गडी पाहतच राहिले.

"दादा, माती टाक," तो म्हणाला.

जागेश्वर वळला, पण जागचा हलेना.

"माह्या पाठीमागं टाक, दादा. पानी थांबतवरी मी उठत नाई."

पहिली टोपली शकुंतलाबाईनं टाकली. मग जागेश्वर धावला आणि दोन्ही हातांनी चिखल ओढायला लागला. रुखमा आणि हिरालाल खालच्या बांधीत गेलेले मासे वेचून परत फेकत होते. बांध भरला तेव्हा इश्वरला चिखलातून उपटून काढावं लागलं. जागेश्वरनं आपल्या दुपट्ट्यानं त्याचं बोट बांधलं.

बोडी जागेश्वरची झाली. तो मशीनवर कधी गेला नाही. उलट इश्वरच दर उन्हाळ्यात मशीन बंद ठेवून बोरीच्या फांद्यांची बंडी घेऊन येतो, आणि पिल्लांवरच्या मरळीला कुणी गळ टाकला तर त्याच्या सात पिढ्या उद्धरतो.

माझं वय झालं. काठ झडलाय, एका बाजूनं बोट रुतेल इतका मऊ झालोय. गेल्या हिवाळ्यात जीपमधून एक साहेब आले होते. जुन्या वस्तू जमा करतात म्हणे. मला धुऊन, रंग लावून काचेच्या दाराआड ठेवणार, खाली नावाची पाटी. खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. जागेश्वर काही म्हणायच्या आत इश्वरनं उत्तर दिलं, "तो घाना रिकामा नाई, साहेब. त्यात लोक राह्यते."

साहेबांना काही कळलं नाही. ते चहा घेऊन गेले.

तेव्हा तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. उन्हाळ्यात या बाजूला आलात आणि उतरत्या पाण्यात माझी काळी पाठ दिसली, तर कचरा समजून ओढू नका. मी आणखी चार-पाच पावसाळे काढीन, मग चिखल होईन. तेव्हा माझ्या जागी दुसरं एखादं पोकळ खोड आणून ठेवा; कुठलंही चालेल, हळदकुंकवाचं नसलं तरी. आणि ठेवताना जरा सावकाश ठेवा, खाली कुणीतरी पिल्लं घेऊन बसलेलं असेल.