पळीला ठाऊक असलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनी पळी आहे. आमटीची नाजूक पळी नव्हे, खिचडी वाढायची पळी. माझा दांडा हातभर लांब, आणि मला एकदा उलटं केलं की पहिलीतल्या पोराची ताटली भरलीच म्हणून समजा. कोणी मला चमचा म्हणालं की माझं डोकं फिरतं. वैरागच्या बाजारापलीकडे एक छोटी प्राथमिक शाळा आहे. तिच्या स्वयंपाकखोलीत, दाराजवळच्या खिळ्याला मी टांगलेली असते.

माझा जन्म मात्र सोलापूरचा, शुक्रवार पेठेतल्या एका बोळातला. ईरप्पा नावाच्या कारागिरानं मला घडवलं. पत्रा कापला, ठोकून ठोकून खोलगट केला आणि दांडा जोडला. फार ठोकलं हो मला! पण माणूस गोड होता. त्यांच्या घरात कन्नड बोलायचे. दुपार झाली की त्याची बायको दानम्मा आतून हाक मारायची, "ऊटक्क बर्री!" म्हणजे, जेवायला या. आणि दुकानात कोणीही येवो, अगदी नुसता पत्ता विचारायला आलेला माणूस का असेना, ईरप्पा त्याला आधी विचारायचा, "ऊट आतेनु?" जेवण झालं का? ऊट म्हणजे जेवण. या जगात मी शिकलेला पहिला शब्द तोच. पळीला याहून चांगला शब्द कुठला मिळणार?

पुढे मी शाळेत आले आणि मथुराबाईंच्या हातात पडले. मथुराबाई म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पातेल्यात फिरवलं आणि म्हणाल्या, "पळी झ्याक हाय! हिनं वाडलं की कुनाला कमी पडायचं न्हाय." तेव्हा मी जी फुगले, ती आजपर्यंत फुगलेलीच आहे. खिचडी, वरणभात, मटकीची उसळ, सगळं मी वाढलं. बालआनंद मेळाव्यात पोरांनी मांडलेल्या भेळेच्या दुकानातही उभी राहिले. गेल्या स्नेहसंमेलनात तर आता चौथीत असलेल्या अमृतनं मला भीमाची गदा केलं आणि रंगमंचावर असं काही आपटलं, की तेव्हापासून माझी मान तिरकी झाली आहे. टाळ्या त्याला मिळाल्या.

मला एकच गोष्ट खटकायची. जेवणाची वेळ झाली की मथुराबाई मला एका जुन्या ताटलीवर बडवायच्या. ठण! ठण! ठण! तो आवाज ऐकला की पोरं धावत यायची. वाढायचंही मीच आणि मारही मीच खायचा! हा कुठला न्याय?

यंदा जूनमध्ये पहिलीत दाक्षायणी आली. तिचे वडील वैरागच्या अडत दुकानात कामाला लागले होते. गाव त्यांचं अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात सगळं कन्नड. मुलीला मराठीचा गंधही नव्हता. पण काय टपोरे डोळे! आल्या दिवसापासून ती माझ्याकडे, म्हणजे स्वयंपाकखोलीच्या दाराकडे, टकमक बघायची.

पहिलीचा वर्ग आमच्या समोरच आहे. चेतनाबाई वर्गात आल्या, हजेरी झाली आणि त्यांनी नव्या मुलीला म्हटलं, "ऊट बाळ, नाव सांग तुजं." पुस्तकात 'ऊठ' लिहितात, पण आमच्याकडे बोलताना 'ठ'चा 'ट' कधी होतो ते बोलणाऱ्यालाही कळत नाही.

दाक्षायणीचा चेहरा उजळला. तिनं दप्तरातून ताटली काढली आणि तुरुतुरु आमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"अगं बया!" मथुराबाई म्हणाल्या. "कुटं निगालीस? अजून शिजतंय की!"

सगळा वर्ग खो खो हसला. चेतनाबाईंनाही हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाई 'ऊट' म्हणाल्या की दाक्षायणी ताटली घेऊन हजर. मग काय, अमृतला तर आयतंच सापडलं. येता-जाता तो तिच्या कानाशी ओरडायचा, "ऊट! ऊट!" आणि पोटावर हात फिरवून दाखवायचा. पोरं तिला 'खादाड' म्हणायला लागली.

मित्रांनो, खिळ्यावर लटकून मी हे सगळं बघत होते आणि नुसती तडफडत होते. अरे, ती खादाड नाही! तुम्ही तिला जेवायला बोलावताय, म्हणून ती येतेय! सगळ्या शाळेत ही गोष्ट मला एकटीला ठाऊक होती, आणि मला बोलता येत नव्हतं.

हळूहळू दाक्षायणी उठायचीच बंद झाली. बाईंनी कितीही 'ऊट' म्हटलं तरी ती जमिनीकडे बघत बसून राहायची. आणि एके दिवशी, सगळी पोरं जेवायला ओळीत बसली असताना, तिनं आपली ताटली पालथी घातली. मी तिच्यापर्यंत पोचले तर तिनं ताटलीवर दोन्ही हात ठेवले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही.

"खा की गं माजी बाय," मथुराबाई विनवायच्या. "एक घास तरी!" चेतनाबाईंनी घरून लाडू आणून दिला, तोही तिनं घेतला नाही. पोरगी सुकत चालली. चेतनाबाई काळजीनं म्हणाल्या, "हिला इथलं जेवण आवडत नसेल का हो?" मला तर रडू येत होतं. ज्या ताटलीत मला काही वाढता येत नाही, ती ताटली मला रात्रंदिवस दिसायची.

मग आला पंधरा ऑगस्ट. प्रभातफेरी झाली, झेंडावंदन झालं, भाषणं झाली. त्या दिवशी गावानं शाळेला जेवण दिलं होतं, मसालेभात आणि जिलेबी. आई-वडील, आजी-आजोबा सगळे आले होते. दाक्षायणीची आजी निंगव्वा नातीशेजारी मांडी घालून बसली होती. नातीची ताटली पालथीच.

मथुराबाई मला घेऊन वाढत वाढत तिथवर आल्या. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता, घामानं नुसत्या निथळत होत्या. निंगव्वानं त्यांच्याकडे बघितलं आणि मायेनं विचारलं, "ऊट आतेनु?"

माझा दांडा शहारला! किती वर्षांनी ऐकला मी तो प्रश्न!

मथुराबाई मात्र गोंधळल्या. "ऊट? अवो आजी, मी उबीच हाय की! अजून कुटं उटू?"

सगळी पंगत हसली. निंगव्वाला काही कळेना. तिनं पाची बोटं जुळवून हात तोंडाशी नेला आणि पुन्हा म्हणाली, "ऊट. ऊट."

चेतनाबाई जिलेबीचं ताट घेऊन मागंच उभ्या होत्या. त्यांनी तो हात बघितला आणि ताट तिथंच खाली ठेवलं.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "ऊट म्हणजे जेवण? म्हणजे आपण या लेकराला रोज जेवायला बोलावत होतो, आणि ते आलं की हसत होतो?"

पंगतीतलं हसू एकदम थांबलं. अमृतनं मान खाली घातली. चेतनाबाई दाक्षायणीजवळ बसल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले. डोळे भरून आले होते त्यांचे. पण बोलायला कन्नड येत नव्हतं, आणि मराठी तिला कळली नसती. त्या दिवशीही दाक्षायणीची ताटली रिकामीच राहिली.

शाळा पुन्हा भरली त्या दिवशी खिचडी शिजली. मथुराबाईंनी बडवायला मला उचललं, तेवढ्यात चेतनाबाई म्हणाल्या, "आज ताटली वाजवायची नाही. आज दाक्षायणी बोलावणार." त्यांनी तिला व्हरांड्याच्या पायरीवर उभं केलं, बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि पोरांकडे हात केला.

दाक्षायणीला कळलं. पण तिच्या तोंडून शब्द निघेना. पोरं आपापल्या वर्गात बसून राहिली. खिचडी निवायला लागली. कोणी जागचं हललं नाही. शेवटी चौथीच्या खिडकीतून अमृतनं डोकं बाहेर काढलं.

"ए दाक्षायणी, म्हण की! लई भूक लागलीया!"

तो चिडवत नव्हता. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, श्वास घेतला आणि जी हाक दिली, ती बाजारापर्यंत गेली असेल.

"ऊऽऽट!"

आणि अख्खी शाळा उठली! उठली आणि जेवायला आली. दोन्ही भाषा एकाच हाकेला खऱ्या झाल्या.

दाक्षायणी सगळ्यांच्या शेवटी बसली. ताटली सुलटी होती. मी भरून वाढलं, तिनं हात मध्ये घातला नाही. सगळं संपवलं आणि वर बघून म्हणाली, "आनखी वाडा की!" ते तिचं पहिलं मराठी वाक्य. मथुराबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मला पुन्हा पातेल्यात बुडवलं.

तेव्हापासून आमच्या शाळेत जेवायला तीच बोलावते, आणि माझा मार चुकला आहे. मी सुखात आहे, मित्रांनो. माझं मागणं थोडंच आहे. मला दगडानं खरवडू नका, नाटकात माझी गदा करू नका. आणि तुमच्या वर्गात कोणी गप्प बसून ताटली पालथी घालत असेल, तर हसण्याआधी त्याच्याजवळ जा आणि विचारा. मला तोंड असतं तर मीच विचारलं असतं. शब्द तर आता तुम्हालाही ठाऊक झाला आहे.

ऊट आतेनु?