समिती आली तेव्हा मी वर होतो

मी चांदमारीचा लाल बावटा. मला बोलायला वारा लागतो. आज तो बरा आहे, म्हणून एकदाचं बोलून घेतो. लवकरच माझ्या जागी भोंगा आणि लाल दिवा येणार आहे म्हणतात. येऊ दे. मला त्याचं वाईट वाटत नाही. थकलोय मी.

वर्धा जिल्ह्यात, आंजीपासून तासाभराच्या वाटेवर, रानात तोफगोळ्यांची चाचणी घ्यायचं एक मैदान आहे. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे. गावाला ते तोंडात बसत नाही, म्हणून सगळे चांदमारी म्हणतात. या मैदानाच्या कडेला एका उंच खांबावर मी असतो. माझा कायदा सोपा. मी वर असलो की आत यायचं नाही. मी खाली असलो की या, गुरं चारा, मोहफुलं वेचा, सरपण न्या.

मला आंजीच्या देवकाबाईनं शिवलं. ती एरवी पोलकी आणि शाळेचे गणवेश शिवते. लाल मांजरपाटाला दुहेरी शिवण घालताना ती पुटपुटली होती, "फाटू नको बाप्पा, लोकाइचा जीव हाय तुह्यावर." तेव्हा मला फार अभिमान वाटला. नवं कापड होतं, लवकर फुगलं.

मैदानाच्या हद्दीवरच्या नाल्यापलीकडे मोहदरा नावाचं गोंडांचं गाव आहे. तिथला पुनाजी रोज सकाळी गावामागच्या टेकडीवर चढायचा, डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळायचा आणि वरूनच ओरडायचा, "बावटा हाय गाऽ! नाल्यापल्याड कोनी जाऊ नका!" त्याला हे काम कुणी दिलं नव्हतं. त्याच्या बापानं केलं, म्हणून तोही करायचा. एकदा त्याचा मेव्हणा विक्की बकरीमागे नाला ओलांडून दहा पावलं आला. पुनाजीनं त्याला साऱ्या गावासमोर झापलं. "बकरी दुसरी भेटते, मेव्हना कोठून आनू मी?" लोक त्याला बावट्याचा जावई म्हणून चिडवायचे. त्याची बायको रुखमा सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात माझी कड उसवली. खांबावरचा चौकीदार रामाजी मला देवकाबाईकडे टाकून आला. दुसरा बावटा नव्हता. मागणी केली होती, ती कुठल्या तरी टेबलावर पडून होती. दुसऱ्या दिवशी चाचणी ठरलेली होती आणि ती काही एका कापडासाठी थांबली नाही.

त्या सकाळी पुनाजी टेकडीवर चढला. खांब रिकामा दिसला. तो टोपली घेऊन मोहफुलं वेचायला आत गेला.

मी तेव्हा देवकाबाईच्या मशीनखाली घडी होऊन पडलो होतो. दुपारी एक शिपाई मोटरसायकलवर आला, अर्धवट शिवलेला मला त्यानं ओढूनच नेलं. संध्याकाळी मला खांबावर चढवलं आणि माझे फोटो काढले. फोटो कशाला, ते मला पुढे कळलं. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं: "मृत इसमाने लाल बावटा लावलेला असतानाही प्रतिबंधित क्षेत्रात प्रवेश केला." रामाजीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. त्यालाही घरदार होतं. मी त्याला दोष देत नाही, पण माफही करत नाही.

पोलीस पाटील महादेवरावांनी तो कागद रुखमाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पाटीलभाऊ, मानूस तं गेला, तो काही वापस येत नाई. पन तेनं बावटा मोडला, हे काऊन लिहलं? तेवढं खोडाले सांगा. मले दुसरं काही नाई पाह्यजे."

खोडणं ही मोठी अवघड गोष्ट असते, हे तिला हळूहळू कळलं. ती या दाराहून त्या दारी फिरली. पुनाजीच्या जागी टेकडीवर रोज आता तीच चढू लागली. एका बाजारात देवकाबाईनं तिला गाठलं. "तुह्या मानसाच्या दिवशी बावटा माह्या घरी होता बाई. मी सांगतो कोनाच्याबी तोंडावर." रुखमा भर बाजारात तिच्या गळ्यात पडून रडली.

आणि या जानेवारीत बातमी आली. दिल्लीहून खासदारांची समिती येणार, चांदमारीचा कारभार तपासणार, गावकऱ्यांचंही ऐकणार. अकरा वाजता, खांबाच्या आतल्या शेडमध्ये. महादेवरावांनी घरोघरी निरोप दिला. मोहदऱ्यात त्या सकाळी प्रत्येकानं धुतलेले कपडे घातले.

आत काय चाललं होतं ते मी पाहत होतो. चुन्याच्या रेघा, कुंड्या, खुर्च्यांना पांढरे अभ्रे. एक अधिकारी रामाजीला म्हणाला, "बावटा चढव." रामाजी घुटमळला. "साहेब, आज तं गोळीबार नाई ना?"

"नाही. पण व्यवस्था आहे हे समितीला दिसायला हवं."

मला धुऊन इस्त्री केली होती. मी चढलो. माझं काय चालतं? मला चढवणारा हात दुसऱ्याचा आणि फडकवणारा वारा तिसऱ्याचाच.

खांबाच्या आणि नाल्याच्या मध्ये जमिनीला उंचवटा आहे. शेडमधून नाला दिसत नाही, नाल्यातून शेड दिसत नाही. दोन्ही बाजू फक्त मला दिसतात. अकराला दहा कमी असताना साठ-सत्तर माणसं नाल्यापर्यंत आली, पुढे रुखमा आणि देवकाबाई. रुखमानं सवयीनं वर पाहिलं आणि तिथंच थांबली. तिच्यामागे सगळं गाव थांबलं.

तिनं महादेवरावांना फोन लावला. महादेवराव आत होते आणि सगळ्यांचे फोन फाटकावर जमा होते.

देवकाबाई वैतागली. "चाल वो, साहेब लोकं बसून असतीन. कोनी गोळा टाकते का आज?"

"बावटा हाय माय."

"असू दे ना!"

"असू दे कसं? आज मी बावटा मोडून गेली, तं उद्या ते म्हनतीन, बाई मोडते तं मानसानंबी मोडलाच असन. तेनं मोडला नाई हेच तं सांगाले आली मी."

देवकाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि तिथंच बसकण मारली. सगळे नाल्याच्या काठी उन्हात बसून राहिले आणि माझ्याकडे पाहत राहिले.

शेडमध्ये चहा झाला, तक्ते दाखवून झाले. एक खासदारबाई दोनदा म्हणाल्या, "गावातलं कुणी आलं नाही?" महादेवराव रस्त्याकडे बघत म्हणाले, "येतच असतीन, म्याडम." मी त्यांच्या डोक्यावर फडफडत होतो, पण मोठ्या माणसांसमोर बसलेला माणूस वर बघत नाही. मग बाईंनीच मान वर करून विचारलं, "हा बावटा रोज असतो?"

अधिकारी म्हणाला, "कायम."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या क्षणी मला फाटून जावंसं वाटलं. एकदा वारा पडला तेव्हा मी खांबाला अगदी चिकटून राहिलो. रुखमा उठली, तिनं एक पाय पुढे टाकला. पुन्हा झुळूक आली आणि तिनं पाय मागे घेतला.

तीन वाजता गाड्या मागच्या रस्त्यानं वर्ध्याकडे गेल्या. महादेवरावांना फोन परत मिळाला, त्यावर रुखमाचे चौदा कॉल होते. त्यांनी वर पाहिलं. कपाळावर हात मारून ते नाल्याकडे धावत सुटले.

"रुखमाबाई, आज काहीच नव्हतं वो! नुसता दिसाले लावला होता!"

रुखमानं विचारलं, "मंग आमी कसं वळखाव, पाटीलभाऊ?"

रामाजीनं मला उतरवलं. मी खाली आल्यावर ती नाला ओलांडून शेडपर्यंत गेली. माणसं अभ्रे काढत होती. तिनं आणलेला अर्ज कुणाकडे द्यायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

समितीचा अहवाल आला आहे. महादेवरावांनी तो वाचून दाखवला. ग्रामस्थांना म्हणणं मांडायची संधी दिली होती, कुणीही आलं नाही. इशाऱ्याच्या बावट्याची व्यवस्था समाधानकारक. एवढ्या दोन ओळींत मोहदरा संपलं. रुखमानं पुन्हा अर्ज केला आहे. सकाळी ती अजून टेकडीवर चढते. माझ्यावर राग धरत नाही, याचंच मला जास्त लागतं.

माझ्यात आता फार दिवस उरलेले नाहीत. रंग उडाला, कड पुन्हा उसवली. खासदारसाहेब, बाई, तुम्ही मनानं वाईट नव्हता, हे मी वरून पाहिलं आहे. म्हणून एकच सांगणं आहे. पुन्हा याल तेव्हा फाटकात शिरल्या शिरल्या, चहाच्याही आधी, मला खाली उतरवा. आणि मग थोडं थांबा. ती माणसं नाल्यापासून चालत येतात.