बसलेले सदस्य

त्रेचाळीस.

पक्षाचा नियम असा: बूथवर पन्नास सदस्य असले, तरच त्या गावाचं मत तालुक्याच्या अधिवेशनात धरायचं. देवणीजवळच्या या गावात वर्षाराणी बिरादारनं तीन महिने दारोदार फिरून त्रेचाळीस जमवले होते. तिला पक्षाकडून एकच ठराव हवा होता. गावची रुद्रभूमी, म्हणजे लिंगायतांची दफनाची जागा, गोदामाला देऊ नये. गोदाम एका पुढाऱ्याच्या मेहुण्याचं. पक्षानं नाही म्हटलं तरच ते थांबणार होतं.

दीड वर्षापूर्वी तिच्या वडिलांना, गुरुलिंगआप्पांना, तिथं बसवलं होतं. निजवलं नव्हतं. इथं मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात आणि भोवती मीठ, विभूती भरतात.

सात कमी.

सदस्यत्व मिस्ड कॉलवर मिळायचं. गावात मेलेल्यांचे नंबर लगेच कुणी बंद करत नाही. गॅसला, बँकेला तोच जोडलेला असतो. वर्षाराणीनं सात घरांतून सात फोन मागून आणले. एक तिच्याच घरातला. सातांवरून मिस्ड कॉल दिले, नावं भरली.

आपले पक्षात स्वागत आहे.
आपले पक्षात स्वागत आहे.
आपले

आता तालुका कार्यालयातून खातरजमेचे फोन येणार होते. तिनं सातही फोन बाजेवर मांडले, खोकून खोकून म्हाताऱ्यांचे आवाज घोटवले. दुपारभर एकही वाजला नाही. चार वाजता तिचा स्वतःचा वाजला. कार्यालयातली ऋतुजा.

"अक्का, मुबारक! पन्नासच्या पन्नास पक्के."

"सगळ्यांशी बोललीस?"

"हाव की. सात जनांचा आवाज लई दबका येऊन राहिला होता. एक आजी तर म्हनली, बैठक लवकर घ्या, बसून बसून अंग आखडलंय."

वर्षाराणीनं बाजेकडं पाहिलं. सातही पडदे काळे.

इतिवृत्त. स्थळ: मठ. वेळ: सकाळी अकरा. निरीक्षक: महांतेश, लातूर. उपस्थिती:

उपस्थिती तिनं दारात उभं राहून मोजली. त्रेचाळीस. महांतेश गावात पहिल्यांदाच आलेला, कुणाला ओळखत नव्हता. तो बोटानं मोजत गेला. शेवटची रांग संपली, मागं भिंतीपर्यंत नुसती सतरंजी होती, तरी त्याचं बोट थांबलं नाही.

"चव्वेचाळीस, पंचेचाळीस..."

पन्नासला थांबलं.

"कोरम झाला. मागच्या मंडळींनी जरा पुढं सरकावं."

कुणीही मागं वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं सतरंजी घासल्याचा आवाज आला. ओल्या मातीचा वास आला. वर्षाराणीनं मान वळवली तेव्हा सतरंजीवर सात ठिकाणी मीठ सांडलेलं होतं.

"जागा देऊ नये म्हणणारे?"

तेवीस हात. हे तिचं गणित होतं.

"द्यावी म्हणणारे?"

गोदामात नोकरीचा शब्द मिळालेली वीस माणसं होती.

"सत्तावीस," महांतेश म्हणाला.

"पुन्हा मोजा."

"दोनदा मोजले, अक्का. मागं बसलेल्या सातही जणांचे हात वर आहेत."

ते मेलेले आहेत, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण मग त्रेचाळीस उरले असते, गावाचं मत गेलं असतं आणि गोदाम झालं असतं. समोरच्या वीस जणांनाही ते बोलायचं नव्हतं; ते जिंकत होते.

मठाचे शिवमूर्ती स्वामी तिच्या कानाशी आले. गावातल्या प्रत्येक मेलेल्याला खड्ड्यात त्यांनीच बसवलेलं. "गोदाम झालं तर त्यांना उकरतील, पोरी. त्यांना तेच पाहिजे. उठायचं हाय त्यांना."

वर्षाराणीनं दहा मिनिटं मागून घेतली. ती मागं गेली आणि पहिल्या मिठासमोर मांडी घालून बसली.

"कोन हाय?"

"धोंडाबाई म्हणतात," महांतेशनं वहीतून मान वर न करता सांगितलं.

"आजी, काय अडचन हाय तुमची?"

"म्हणतात, पुरल्यापासून कुणी फिरकलं नाही."

"आता दर सोमवारी येत जाईन मी."

"हात खाली घेतला. द्यावी, सव्वीस. देऊ नये, चोवीस."

ती पुढं सरकली. तिथं शिवप्पा होता. त्याच्या मांडीत बाभळीच्या मुळ्या शिरल्या होत्या. "उद्याच तोडते," ती म्हणाली. पंचवीस, पंचवीस.

पुढच्या मिठासमोर तिला नाव विचारावं लागलं नाही.

"आप्पा, तुमच्यासाठीच चाललंय की हे सगळं."

महांतेश बराच वेळ ऐकत राहिला. पेन थांबलं होतं.

"म्हणतात, माझ्यासाठी असेल तर शेजारची जागा तू घे. मग बसतो."

"न्हाई म्हन, वर्षा," स्वामी मागून म्हणाले. "आत्ताच्या आत्ता न्हाई म्हन."

पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

"घेते," वर्षाराणी म्हणाली.

"द्यावी, चोवीस. देऊ नये, सव्वीस. ठराव मंजूर."

टाळी कुणी वाजवली नाही. लोक चपला शोधायला उठले.

"थांबा, अजून आहे," महांतेश म्हणाला. "ते विचारतायत, कधी?"

वर्षाराणीनं विचार केला. तालुक्याचं अधिवेशन होतं, तिथं बाकीच्या गावांची मतं फिरवायची होती. नंतर जिल्हा.

"जिल्हा परिषदेची निवडणूक होऊ द्या," ती म्हणाली.

महांतेशनं तेही इतिवृत्तात घेतलं आणि सहीसाठी वही तिच्यापुढं केली.