उजव्या कानामागची बट

सकाळी दहाला सहलीचं जहाज धक्क्याला लागलं आणि अकराच्या सुमारास, चौकातल्या कॉफीच्या दुकानासमोर, नवऱ्याबरोबर बसलेल्या बायकोला मोतीवालीचे नुकतेच कापलेले केस दिसले.

मोतीवाली म्हणजे जहाजावर जेवणाच्या टेबलाशी या नवराबायकोच्या समोर बसणारी बाई. एकटीच आलेली, गळ्यात तीनपदरी मोती, आणि ती बोलायला लागली की नवऱ्याच्या ताटातलं जेवण निवून जायचं. नाव बायकोनेच ठेवलेलं. नवरा दोनदा दबक्या आवाजात म्हणाला होता, अगं, ऐकू जाईल तिला.

आज काहीच करायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. बसमधून फिरायला निघालेल्यांना जाऊ दिलं, बंदराच्या कठड्यावर पाय हलवत बसले, एका दुकानात टोप्या घालून पाहिल्या, न घेताच बाहेर पडले आणि चौकात कॉफी घेत बसले. नवऱ्याचं बायकांचं सलून होतं. वर्षभर उभं राहून पोटऱ्या भरून यायच्या. सुट्टीत तो कात्रीला हात लावत नसे. मेहुणीच्या मुलीच्या लग्नातही त्याने साफ नकार दिला होता आणि मेहुणी त्यावरून अजून धुसफुसते. अपवाद एकच, बायको.

मोतीवालीने लांबूनच हात केला आणि कोपऱ्यावर वळली. वळताना मान दिसली. डावीकडे स्वच्छ वर चढत गेलेली रेघ, आणि उजव्या कानामागे बोटभर लांब ठेवलेली बट.

ती बट बायकोची होती. लहानपणी उकळतं पाणी सांडून तिच्या उजव्या कानामागची कातडी आक्रसली होती. ती झाकायला नवऱ्याने लग्नानंतर हा काप बसवला, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, टॉवेल खांद्यावर टाकून. सलूनमध्ये एवढ्या बायका येऊन गेल्या, पण तो काप दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर तिने कधी पाहिला नव्हता. मोतीवालीच्या कानामागे झाकण्यासारखं काहीच नव्हतं.

कॉफीतली साखर विरघळली तरी बायको चमचा फिरवत राहिली. नवरा हवा छान आहे, म्हणत होता.

"काल रात्री जेवणानंतर तुम्ही डेकवर चालायला गेला होतात ना?"

"हो की."

"किती फेऱ्या झाल्या?"

त्याने कप खाली ठेवला. "फार गळ घातली गं तिने. जहाजावरच्या सलूनमधल्या पोरीने वाकडेतिकडे कापले म्हणाली. पाच मिनिटांचं काम."

"कुठे?"

"तिच्या केबिनमध्ये. दार उघडंच होतं."

दाराचं तिने विचारलं नव्हतं.

"आणि काप माझा?"

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने हवेत दोन बोटं धरून काहीतरी आठवून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. हाताला सवय झालीय, म्हणाला, आईशपथ लक्षात आलं नाही.

हे उत्तर तिने उलटसुलट करून पाहिलं. हाताला आपलीच सवय आहे, यात सुख मानता आलं असतं. पण मग इतकी वर्षं तो हा काप फक्त आपल्यासाठी जपतोय असं जे तिला वाटत होतं, ते जपणं नव्हतंच. नुसती सवय होती, कुठल्याही मानेवर चालणारी.

"तुमची कॉफी होऊ द्या सावकाश," म्हणून ती उठली. रस्त्यापलीकडे एक सलून होतं. लग्नानंतर ती परक्या सलूनची पायरी कधी चढली नव्हती.

आतल्या जाड्या कारागिराला तिची भाषा येत नव्हती. तिने केस बाजूला करून कानामागचा डाग दाखवला आणि दोन बोटांनी सांगितलं, इतके बारीक. त्याने डागाकडे बोट करून भुवया उंचावल्या. तिने मान हलवली. सगळं.

कारागीर भरभर कापत होता. तिची मान त्याने तळव्याने अलगद पुढे वाकवली, घरी वाकवली जायची तशीच. आरशात काचेचं दार दिसत होतं आणि दारात नवरा. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्या दुसऱ्याच्या हातांकडे बघत होता, आपल्या ताटात कुणी न विचारता हात घातल्यावर बघावं तसा. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

डावी बाजू झाली. कारागिराने खुर्ची फिरवली आणि उजव्या कानामागची बट दोन बोटांत धरली. नवऱ्याचा हात दाराच्या मुठीवर होता. दार त्याने अजून ढकललं नव्हतं.