बिजागरीखालची नळी

मी नळी बोलतेय. पाण्याची नाही, बागेत लोळणारी तर मुळीच नाही. गाडीच्या एसीची नळी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू झाले की मी कुणाला मधे बोलू देणार नाही. आधीच माझं डोकं फिरलंय.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. आत गुळगुळीत अस्तर, त्यावर रबर, रबरावर धाग्यांची घट्ट वीण आणि वर पुन्हा रबर. साधीसुधी मी नव्हेच. आमच्या खानदानात एक नळी होऊन गेली, तिला म्हणे दोन हत्तींनी दोन्हीकडून ओढलं होतं. हत्ती दमले, नळी नाही दमली. कारखान्यात हत्ती कुठून आले, असं विचारू नका. मोठ्यांनी सांगितलेलं आम्ही ऐकून घेतो.

तिथून मी एका दुकानात वेटोळं घालून पडले आणि एके दिवशी दोन माणसं मला न्यायला आली. एक माझा होणारा मालक आणि दुसरा त्याचा साडू. मालकाकडे वडिलांच्या काळातला पिकअप ट्रक होता. गोल दिव्यांचा, फुगीर गालांचा, घरातला एकुलता एक. साडूकडे आत्मविश्वास होता. आयुष्यात एकदा त्याने फ्रिज दुरुस्त केला होता आणि तेव्हापासून जगातली प्रत्येक गार वस्तू त्याला स्वतःच्या अखत्यारीतली वाटायची.

आता एसी कुणासाठी, ते ऐका. मालकाची बायको केक करायची, घरच्याच ओट्यावर. काय हात होता बाईचा! क्रीमचे गुलाब असे काढायची की मधमाश्या खिडकीवर रांग लावायच्या. पण केक पोचवायचा त्या म्हाताऱ्या ट्रकमधून. वरून ऊन, खालून इंजिनची धग. घरून निघालेले गुलाब गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत कोबी झालेले असायचे.

त्यात एका लग्नाच्या हॉलच्या मॅनेजरने तिला तीन मजली केक सांगितला. "हा नीट आला, तर हॉलचे सगळे केक यापुढे तुमच्याकडे," असं तो म्हणाला. इतकी वर्षं ओट्याशी उभं राहून बाईने ज्याची वाट पाहिली, ते दारात येऊन उभं होतं. म्हणून ट्रकला एसी आणि म्हणून मी.

दोघांनी सुतळीने मापं घेतली. मला कापलं आणि टोकांना धातूचे सांधे टेबलावरच दाबून बसवले. शहाणा माणूस आधी नळी गाडीत धरून बघतो, कोणतं तोंड कुणीकडे येतं ते पाहतो आणि मग सांधे दाबतो. यांनी आधी दाबले आणि मग पाहिलं. अर्थात तोंडं उलटी आली. मग मला धुण्यासारखं पिळून बसवलं. तेवढं मी सोसलं. खरा घोळ घातला तो मला न्यायच्या वाटेवरून.

"मडगार्डच्या कडेनं नेऊ," साडू म्हणाला. "मोकळी जागा आहे."

"दिसेल ना!"

"दिसू दे की. नळी आहे, नवरी थोडीच आहे?"

"अरे, बाबांची गाडी आहे ही. बॉनेट उघडलं की लोकांना वाटलं पाहिजे, कारखान्यातून अशीच आली."

"साडूभाऊ, त्या काळी हिच्यात पंखासुद्धा नव्हता."

"म्हणूनच दिसता कामा नये!"

साडूने खांदे उडवले आणि पाना उचलला. मला तर कुणी विचारलंच नाही.

तर मालकाने मला कोपऱ्यात, बॉनेटच्या बिजागरीखाली दडवलं. बॉनेट उघडं असलं की ही बिजागरी हात वर करून उभी असते आणि तिच्याखाली ऐसपैस पोकळी दिसते. पण बॉनेट मिटायला लागलं की तीच बिजागरी कात्रीसारखी दुमडत खाली येते. बाजूच्या पत्र्यावरचा रंग तिने वर्षानुवर्षं घासून पार उडवला होता. चकचकीत रेघ पडली होती तिथे. आंधळ्यालाही बोटाने कळली असती. पण यांना कळायला यांनी बॉनेट मिटायला तर हवं!

मालक ते मिटूच देईना. का, तर लोकांना दाखवायचं होतं. गॅस भरून झाला, इंजिन चालू झालं आणि शेडमध्ये जत्रा लागली. शेजारी आले, शेजाऱ्यांचे पाहुणे आले. मालक बॉनेटखाली हात पसरून उभा राहायचा आणि विचारायचा, "सांगा, एसीची नळी कुठाय?" लोक शोधायचे, हरायचे आणि तो फुगायचा. मी बिजागरीखाली दात-ओठ खात पडून असायचे.

गारवा मात्र मी असा दिला की काय सांगू! माझ्यावर बसलेल्या माशीला सर्दी झाली. केबिनमध्ये डोकावलेला साडू मिशीला पांढरं लागलेलं घेऊन बाहेर आला. ते क्रीम होतं असं बायको म्हणते, पण मी बर्फावर ठाम आहे.

बायको केबिनमध्ये येऊन बसली, डोळे मिटून गार वारा तोंडावर घेतला. मग खाली उतरून तिने विचारलं, "अहो, ते झाकण लावून बघितलंत का?"

"झाकण काय, डबा आहे का तो? बॉनेट म्हण."

"बरं, बॉनेट. लावलंत का?"

"नवीन पॉलिश आहे. बोटं उमटतात."

हे कारण बरं का! बोटं उमटतात!

लग्नाच्या दिवशी केक केबिनमध्ये मधल्या जागेवर बसला. एकीकडे मालक, दुसरीकडे दोन्ही हातांनी केक सावरणारी बायको. साडू मागे हौद्यात. मालकाने जाता जाता ऐटीत बॉनेट खाली आपटलं. धाड! बिजागरीचे दोन दात माझ्या अंगात रुतले.

तरी मी धरून ठेवलं, हे लिहून ठेवा. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, प्रत्येक खड्ड्याला दात आणखी आत गेले, तरी मी धरून ठेवलं. केकसाठी नाही, त्या बाईच्या हातांसाठी. शेवटी अर्ध्या वाटेत माझं कातडं फाटलं. फुस्स करून सगळा गॅस गेला. बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ उसळली आणि साडू मागून ओरडला, "आग! उड्या मारा!" स्वतः मात्र हौद्याची कड घट्ट धरून बसला होता.

हॉलवर पोचेपर्यंत वरचा मजला मधल्या मजल्यावर निजला होता आणि सगळे गुलाब एका बाजूने ओघळले होते. "हा केक आहे की पडकं घर?" नवरीची आई म्हणाली. मॅनेजर भला माणूस. त्याने बायकोला बाजूला घेतलं. "शनिवारी एका वाढदिवसाचा केक आहे. पण ही शेवटची संधी हं, ताई." ती नुसती मान हलवून बाहेर आली. कोपरापर्यंत क्रीम लागलं होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

आणि तेव्हा मालकाने बॉनेट उघडलं, मला बोटाने उचललं आणि म्हणाला, "नळी खराब निघाली."

"दोन नंबरचा माल," साडूने री ओढली.

मी? मी खराब? सापळ्यात मान द्यायची, वर मानच कच्ची होती म्हणायचं? माणसांची ही खोडच आहे. दार आपटलं की दार वाईट, पेला फुटला की पेला नाजूक. यांच्या हातून कधी काही होतच नाही. वस्तूंना तोंड असतं तर घराघरात रोज मारामाऱ्या झाल्या असत्या.

मला उपटून शेडच्या कोपऱ्यात फेकलं. दोघांनी दुसरी नळी आणली आणि, माझा विश्वास बसेना, तिलाही त्याच बिजागरीखाली घातलं! बॉनेट सताड उघडं. मी कोपऱ्यातून जीव तोडून ओरडत होते, पण नळीचा आवाज फाटल्यावरच ऐकू येतो.

तेवढ्यात बायको घरातून आली. हाताला पीठ होतं. कुणाशी बोलली नाही, सरळ पुढे गेली आणि दोन्ही पंजे त्या पॉलिशवर ठेवले.

"अगं, अगं, डाग पडतील!"

तिने सगळ्या अंगाचा भार देऊन बॉनेट मिटलं. आतून 'कच्च' असा आवाज आला.

"उघडा," ती म्हणाली.

मालकाने उघडलं. तिने मला कोपऱ्यातून उचललं आणि नव्या नळीशेजारी धरलं. दोघींच्या अंगावर तेच दोन दात, त्याच जागी.

"दोन्ही नळ्या एकाच जागी खराब कशा निघाल्या हो?"

मालक फडक्याने पॉलिशवरचं पीठ पुसायला लागला.

"मी तर मडगार्डकडून म्हणत होतो, ताई," साडू हळूच म्हणाला.

"भाऊजी, म्हणत होतात, मग थांबलात कशाला?"

तिसरी नळी मडगार्डच्या कडेने गेली, उघड्यावर, चारचौघांत. बायकोने स्वतः उभं राहून बॉनेट इतक्या वेळा उघड-मिट करायला लावलं की बिजागरीलाही शरम वाटली असेल. शनिवारी केक ताठ मानेने पोचला, एक पाकळीसुद्धा हलली नव्हती. हॉलचं काम बाईला मिळालं. आता तिला मान वर करायला फुरसत नसते.

मला तिने एका खिळ्याला अडकवलं. फेकलं नाही, एवढं मानते मी. मला वाटलं, संपलं. निदान नाव तरी धुऊन निघालं.

कसलं काय! परवा पाहुणे आले. मालकाने बॉनेट उघडलं आणि एकाने विचारलं, "ही नळी अशी बाहेरून का हो?"

"त्याचं काय आहे," मालक घसा खाकरून म्हणाला, "आधीच्या दोन्ही खराब निघाल्या."

ऐकलंत? माझ्या डोळ्यांदेखत! बायको आत, मिक्सर चालू. साडू चहा पितोय आणि वर मान डोलावतोय!

म्हणून तुम्हाला हाक मारली. कधी त्या शेडमध्ये गेलात तर इंजिनचं कौतुक नंतर करा. आधी मला खिळ्यावरून काढा, ते दोन दात मालकाच्या नाकासमोर धरा आणि म्हणायला लावा, "मी बॉनेट मिटून बघितलं नव्हतं." एकदाच. एका पाहुण्यासमोर. मग मला खुशाल कचऱ्यात टाका.

तोवर मी इथून हलत नाही. रबर आहे मी. मला कुजायला शंभर वर्षं लागतात आणि तो कधी ना कधी खरं बोलेलच. नाही बोलला, तर त्याच्या नातवंडांना सांगेन. हत्तींसकट सांगेन.