सतरावा रकाना

व्हिसा केंद्राच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडला की तिसरं दुकान फॉर्ममामांचं. दुकान आपलं म्हणायचं म्हणून. एक टेबल, दोन खुर्च्या, एक झेरॉक्स मशीन, फोटो कापायचं कटर आणि गोंदाची बाटली, जिचं तोंड कायम सुकलेलं. पण एकतीस वर्षं तिथे बसून मामांनी किती माणसं जगभर धाडली त्याला गणती नाही. स्वतः मात्र कधी विमानात पाय ठेवला नाही.

फॉर्ममामा हे नाव भाच्याने दिलेलं. तीन वर्षांचा असताना तो आईबरोबर, म्हणजे आक्काबरोबर, दुकानात यायचा आणि टेबलाखाली बसून चुकलेल्या फॉर्मांच्या होड्या करायचा. कुठे गेला होतास, असं कोणी विचारलं की सांगायचा, फॉर्ममामाकडे. गंमत म्हणजे त्याला मामा हा एकच, वेगळ्या नावाची काही गरज नव्हती. पण नाव असं चिकटलं की पुढे केंद्राचे वॉचमनसुद्धा लोकांना ‘फॉर्ममामांकडे जा’ म्हणून रस्त्यापलीकडे पाठवू लागले.

मामांची कामाची एक रीत होती. बाकीच्या देशांचे अर्ज केव्हाच कॉम्प्युटरवर गेले होते, पण ज्या देशाला इथली सगळ्यात जास्त माणसं जायची, तो अजून कागदाला धरून होता. मामा आधी सगळं पेन्सिलने भरायचे आणि मग पेनाने गिरवायचे. माणसं समोर बसून घरातली रामकहाणी सांगायची, मामा शांतपणे ऐकायचे आणि रकान्यात एक शब्द लिहायचे. “अर्ज म्हणजे पत्र नव्हे,” असं त्यांचं म्हणणं. “जेवढं कमी लिहाल, तेवढे प्रश्न कमी.”

दोन जागी तर ते विचारायचेसुद्धा नाहीत. सतरावा रकाना: ‘या देशात आपले कोणी नातेवाईक आहेत काय?’ तिथे माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत मामांनी ‘नाही’ लिहिलेलं असायचं. कारण ‘आहे’ म्हटलं की साहेबाला वाटणार, हा तिकडेच राहायला चाललाय. आणि शेवटच्या पानावरचा तळाचा चौकोन: ‘अर्ज दुसऱ्या व्यक्तीने भरला असल्यास तिचे नाव व पत्ता.’ तो कायम कोरा. कोणी विचारलंच, तर मामा हसून म्हणायचे, “मी कोण? मी आपलं पेन.” एकतीस वर्षांत त्यांच्या हातचा एक अर्ज परत आला नव्हता, आणि याचा त्यांना गर्व होता. चांगला तळहातावर मावणार नाही एवढा होता.

आक्का मामांची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे मामांना तिनेच वाढवलं. पुढे तिचा नवरा गेला, तेव्हा तिने शिवणाचं मशीन मांडलं आणि एकुलत्या मुलाला शिकवून मोठं केलं. मुलगा हुशार निघाला आणि परदेशी नोकरीला लागला. त्याचा पहिला अर्ज मामांनीच भरला होता. दोन वर्षांतून एकदा यायचा आणि आल्या आल्या मामांच्या दुकानात बसून चहा प्यायचा. लग्नाचं काढलं की म्हणायचा, “मामा, तुमच्याकडे लग्नाचा फॉर्म आहे का? असला तर भरून टाका.”

आठ वर्षांपूर्वी आक्का एका लग्नाला निघाली होती, पुतणीच्या. ते तिसऱ्याच देशात. वाटेत विमान बदलायचं होतं, आणि बदलायचं होतं ते नेमकं मुलाच्याच देशात. मध्ये नऊ तासांचा मुक्काम. आपल्या लोकांना त्या देशात नुसतं विमान बदलायचं म्हटलं तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो. विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकायची परवानगी त्यात नसते, तरी अर्ज सगळा भरावा लागतो. मामांनी तो भरला. सतराव्या रकान्यात सवयीने ‘नाही’.

“अरे, असं काय लिहितोस?” आक्का म्हणाली होती. “माझा मुलगा आहे ना तिथे!”

“म्हणूनच लिहायचं नाही. आहे म्हटलंस तर म्हणतील, ही म्हातारी विमानतळावरून पसार होणार. तू फक्त सही कर.”

आक्काने सही केली. भावाच्या शब्दाबाहेर ती कधी नव्हतीच. नऊ तास ती विमानतळाच्या आत बसली आणि मुलगा रजा काढून दाराबाहेर उभा राहिला. मध्ये भिंती, काचा, पोलीस. दोघं फोनवर बोलत होते. तू जेवलास का, तू पाणी प्यायलीस का, यापलीकडे फारसं काही नाही. परत आल्यावर आक्का हसत सांगायची, “नऊ तास भिंतीशी गप्पा मारून आले.” ऐकणारे हसायचे. मामाही हसायचे.

आणि आता या वर्षी मुलाच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला. मुलाला रक्ताचा आजार होता. त्याने तो वर्षभर लपवून ठेवला होता आणि आता दवाखान्यात खाटेवरून उठवत नव्हतं. डॉक्टरांनी पत्र दिलं होतं, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आईने दोनतीन आठवड्यांच्या आत यावं. मामांनी ते आक्काला वाचून दाखवलं. आक्काने पत्र घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि म्हणाली, “बाबू, उद्या सकाळीच फॉर्म भर.”

मामांनी डोळ्यांत तेल घालून अर्ज भरला. पासपोर्टची मुदत, दोन कोरी पानं, दोन्ही कान दिसणारा फोटो, डॉक्टरांचं पत्र. प्रवासाचं कारण: आजारी मुलाची भेट. सतराव्या रकान्यात या वेळी ‘आहे. मुलगा, एक’ असं लिहिलं. लिहिताना आठ वर्षांपूर्वीचं ते ‘नाही’ त्यांना आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. पण मामा स्वतःशीच म्हणाले, एवढं जुनं कोण उकरून काढतंय! आक्काला त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही. उगाच घाबरायची म्हणे.

मुलाखतीला फक्त अर्जदाराला आत सोडतात. मामा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. अर्ध्या तासाने आक्का बाहेर आली ती भिंतीला धरून.

“खिडकीतल्या बाईंनी जुना कागद काढला,” ती म्हणाली. “म्हणाल्या, मागे तुम्ही सही करून दिलंत की इथे तुमचं कोणी नाही. मग हा मुलगा आला कुठून?”

मामा बाकावरून उठले. “मग तू काय सांगितलंस?”

“विसरले म्हटलं.”

“विसरलीस? अगं, पोटच्या पोराला?”

“मग काय तुझं नाव सांगू?” आक्का एकदम कडाडली. “समोर तुझं दुकान आहे. तुझं पोट आहे त्यावर. मी म्हटलं, म्हातारी आहे, विसरले. त्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.”

एकतीस वर्षांचं नाव वाचवायला बहिणीने स्वतःच्या मुलाला विसरल्याचं सांगितलं होतं, तेही परक्या बाईसमोर. इतकी लाज मामांना जन्मात वाटली नव्हती. दोघं घरी गेले, आणि तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. ‘अर्जदाराने दिलेली माहिती विश्वासार्ह नाही.’ मामांच्या हातचा परत आलेला तो पहिला अर्ज.

त्या दिवशी मामांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि नवीन फॉर्म पुढ्यात घेतला. पेन्सिलीला हात लावला नाही. सरळ पेनाने भरला. शेवटच्या पानावर तळाच्या चौकोनात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, दुकानाचा पत्ता लिहिला. सोबत एक पत्र जोडलं: आठ वर्षांपूर्वीचा अर्ज मी भरला, ‘नाही’ हे उत्तर माझं आहे, बहिणीने मला अडवलं होतं, मी तिचं ऐकलं नाही, तिने माझ्या विश्वासावर सही केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने लिहिलं. स्वतःच्या वतीने लिहिताना अक्षर पार बिघडलं.

आक्काने पत्र वाचून घेतलं. “दुकान बंद करतील रे तुझं.”

“करू दे.”

“बाबू...”

“करू दे म्हटलं ना आक्का! आता तू फक्त सही कर.” म्हणाले आणि जीभ चावली. मग पत्र तिच्याकडे सरकवून म्हणाले, “पुन्हा एकदा वाच. पटलं तरच कर.”

या वेळी पत्रामुळे मामांनाही आत बोलावलं. एकतीस वर्षांत त्या इमारतीत ते पहिल्यांदाच जात होते. काचेपलीकडे बसलेल्या अधिकारी बाईंनी पत्र दोनदा वाचलं.

“किती वर्षं करताय हे काम?”

“एकतीस.”

“आणि किती अर्जांत हे ‘नाही’ असंच लिहिलंत?”

मामांनी मान खाली घातली. सांगणार काय, कपाळ? किती आया, किती भाऊ, किती मुलं त्यांनी त्या रकान्यात पुसून टाकली होती, त्याचा आकडा त्यांना तरी कुठे माहीत होता.

“यापुढे तुमच्या हातचा अर्ज इथे घेतला जाणार नाही, यांचा सोडून,” बाई म्हणाल्या. “आणि यांच्या अर्जाचं गुरुवारी सांगते. वर विचारावं लागेल.” मामा ‘बरं’ म्हणाले. रस्ता ओलांडून ते दुकानात गेले, स्टूल घेतलं आणि दुकानाची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली. समोरचा वॉचमन बघत होता.

बुधवारी सकाळी, आक्का बॅग भरत असताना मित्राचा फोन आला. मामा तिथेच होते. फोन त्यांनीच घेतला. पलीकडचा माणूस रडत होता, त्यामुळे पहिल्यांदा काही कळेना, आणि मग सगळंच कळलं. मामांनी फोन ठेवला तेव्हा आक्का स्वेटरची घडी घालत होती. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. घडी पुरी केली, स्वेटर बॅगेत ठेवला, आणि मग जमिनीवर बसली ती दुपार होईपर्यंत उठली नाही. शेजारच्या बायका आल्या, रडल्या, गेल्या. आक्का रडली नाही. मामा मात्र अंगणात जाऊन लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. मनात एकच होतं. तेव्हा खरं लिहून भेटीचा व्हिसा मागितला असता, तर त्या नऊ तासांत तिने त्याला बघितलं असतं. आणि या वेळी पहिल्याच अर्जाला मी तोंड उघडलं असतं, तर ती आता त्याच्याजवळ असती.

गुरुवारी दोघं केंद्रात गेले. जायलाच हवं होतं. मित्राने सांगितलं होतं की दवाखान्याने त्याला ठेवून घेतलंय, आई येईपर्यंत थांबतील, पण फार दिवस नाही. मामांनी काचेपाशी जाऊन झालेली गोष्ट सांगितली. बाईंनी आक्काची फाइल पुढे ओढली आणि पुन्हा मिटली. मग म्हणाल्या, “तुमचा अर्ज मंजूर झाला होता. पण आता कारण बदललं. नियमाने मला नवीन फॉर्म घ्यावा लागेल. इथेच भरून द्या, मी आजच करते.” आणि खिडकीखालून त्यांनी कोरा फॉर्म सरकवला.

मामा बाकावर बसले. आक्का शेजारी. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, सगळं तोंडपाठ होतं. प्रवासाचं कारण: मुलाचे अंत्यविधी. पंधरावा रकाना झाला, सोळावा झाला, आणि पेन थांबलं.

“काय अडलं?” आक्काने विचारलं.

“सतरावा.”

“काय आहे त्यात?”

तिला ठाऊक होतं, तरी विचारत होती. एकतीस वर्षं जो शब्द मामांनी न बघता लिहिला, तो आज पहिल्यांदाच खरा होता, आणि तोच त्यांच्याने लिहवत नव्हता. “आक्का,” ते कसेबसे म्हणाले, “नियमाने बघितलं तर आता तिथे आपलं...”

“आहे,” आक्का म्हणाली.

“अगं पण...”

“तिथे आहे ना तो? थांबवून ठेवलंय ना त्याला माझ्यासाठी? मग आहे. मागे तो दाराबाहेर उभा होता तेव्हा मी नाही म्हणून सही केली. आता नाही करणार. मी सांगते तसं लिही. मुलगा, एक.”

मामांनी लिहिलं. आहे. मुलगा, एक. शेवटच्या पानावर तळाच्या चौकोनात स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद खिडकीत दिला. बाई वरून खाली वाचत आल्या. सतराव्या रकान्याशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी लाल पेन उचललं, आणि काचेतून आक्काकडे पाहिलं.

“मुलगा?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो,” आक्का म्हणाली. “एकच.” आणि मग ती रडायला लागली.

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं, आणि शिक्का मारला.